एका बुलबुलाला जात मिळाली, दुसऱ्याची गेली

जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या काठी, गणेशगुडी आहे. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू जिथे साठवत, तिथल्या रानात आता पाण्याची कुंडं ठेवली आहेत. त्यांत लाल गळ्याचा पिवळा बुलबुल आंघोळीला उतरतो. काळंभोर डोकं, पांढुरके डोळे, पिवळंधमक पोट आणि गळ्यावर निखाऱ्यासारखा लाल पट्टा! हा गोव्याचा राज्यपक्षी, आणि पश्चिम घाटाबाहेर तो कुठेच आढळत नाही.

जॉन गूल्डने १८३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे मात्र श्रीलंका, हिमालय, सुमात्रा-जावा, बोर्निओ इथल्या भाऊबंदांसह त्याला एकाच जातीत घातलं गेलं आणि तो नुसती पोटजात उरला. हिमालयातल्या भावाला तुरा आहे, गळा काळा. आपल्याकडच्याला तुरा नाही, गळा लाल. एवढा फरक पुरेसा आहे का? दोघांची वीण जमते का, हे पाहून ठरवावं, तर मोठ्या अंतरामुळे ते कधी भेटतच नाहीत. रासमुसेन आणि अँडरटन यांच्या २००५ च्या ग्रंथात तो पुन्हा स्वतंत्र जात म्हणून आला.

त्याच्याच कुळातल्या एका आफ्रिकी पक्ष्याचं उलट झालं. पूर्व लायबेरियाच्या कॅव्हॅली जंगलात १९८१ ते १९८४ दरम्यान वुल्फ गाटर यांना काही हिरवट बुलबुल दिसले. पंखांवर पांढरे ठिपके. हाती आला फक्त एक नमुना, आणि त्याच्या आधारे १९८५ मध्ये नवी जात जाहीर झाली. मग यादवी युद्धाने वर्षानुवर्षं त्या जंगलाची वाट बंद केली. २०१० आणि २०१३ च्या शोधमोहिमांत तो कुठेच दिसला नाही.

२०१७ मध्ये त्या एकमेव नमुन्याच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. तिथल्याच एका परिचित, बिनठिपक्यांच्या बुलबुलापासून त्याला वेगळं काढावं असा फरकच सापडला नाही. मग ठिपके कुठून आले? पिसं उगवताना पोषण कमी पडलं तर रंगद्रव्य नीट भरत नाही. बहुधा तसंच झालं असावं, असं संशोधकांचं मत. मला थक्क करतं ते हे, की एका पाखराच्या अपुऱ्या आहारातून एक अख्खी जात तीस वर्षं पुस्तकांत नांदली. तरी 'बहुधा' हा शब्द अजून कायम आहे. तो काढायचा तर कॅव्हॅलीत ठिपक्यांचा दुसरा पक्षी सापडायला हवा, आणि त्याच्या रक्ताचा एखादा थेंब.