मेण, काडी आणि कडी

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ला, सलून आणि ब्यूटी पार्लरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लग्नसराईच्या तोंडावर ब्रायडल पॅकेज स्वस्त होणार, या बातमीने शहरातल्या पुरवण्या सजल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या पार्लरांना त्याचं सोयरसुतक असण्याचं कारण नाही. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीच लागत नाही. तेवढा आकडा गाठायला माढा तालुक्यातल्या किती भुवया कोराव्या लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मोठ्या साखळ्यांचीही गंमत आहे. कर उतरला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. बिल खरंच किती उतरलं, ते मूळ दर पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

कर राहू द्या. पॅकेजच्या यादीत हात, पाय, बगल यांच्या खाली जी एक ओळ असते, तिच्याबद्दल बोलू. बिकिनी वॅक्स. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या गावात दरपत्रक आता मोबाइलवर येतं. नवरी ते वाचते आणि पुढचं विचारायला तिला माणूस सापडत नाही. आई ओशाळते, मैत्रीण खिदळते, आणि पार्लरवाल्या ताई ‘काही नाही होत, या तुम्ही’ म्हणतात.

आधी एक गैरसमज निकालात काढू. जांघेतले केस काढणं म्हणजे स्वच्छता नव्हे. ते केस घर्षणापासून कातडीला आडोसा देतात, आणि रोजच्या आंघोळीच्या पाण्याने ती जागा पुरेशी स्वच्छ राहते. हा गैरसमज आपल्याकडे पार्लरने आणलेला नाही, दवाखान्याने आणला आहे. आजच्या कितीतरी आया-आज्यांच्या ‘तिथल्या’ केसांना परक्या हाताने पहिल्यांदा पातं लागलं ते बाळंतपणाच्या खोलीत. कळा चालू असताना, न विचारता, एखादीचं तर साबणही न लावता. ‘शेव्हिंग झालं का?’ हा प्रश्न तिला विचारायचा नसतोच, तो आयाबाईला असतो. शास्त्राने ही पद्धत केव्हाच मोडीत काढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या प्रसूतीविषयक शिफारशींत स्पष्ट लिहिलं आहे की, योनिमार्गे होणाऱ्या प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत. त्याआधी २०१६मध्ये शस्त्रक्रियेबद्दलही याच संघटनेने सांगितलं की, केस राहू द्यावेत, काढायचेच झाले तर क्लिपरने कापावेत, वस्तरा चालवू नये. पात्याने कातडीला डोळ्यांना न दिसणारे छेद जातात आणि त्यातून जंतू शिरतात. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली जे केलं, त्यातून संसर्गालाच वाट मिळाली. तरीही केस म्हणजे घाण हा समज लेबर रूममधून घरी आला आणि सासूकडून सुनेकडे गेला. पार्लरच्या जाहिरातीतला ‘हायजिन’ हा शब्द त्याच समजावर पोसला आहे.

म्हणून हे वॅक्स करायचं तर हौसेने करावं. हौस हे पुरेसं कारण आहे, त्याला आरोग्याचा मुलामा नको. नवऱ्याला आवडतं म्हणून किंवा पॅकेजमध्ये फुकट आहे म्हणून करू नये, असं माझं मत.

हौस आहे असं धरू. तर पहिली तयारी म्हणजे काही न करणं. दोन-तीन आठवडे रेझर नको, केस काढायचं क्रीम नको. केस तांदळाच्या दाण्याएवढा, साधारण अर्धा सेंटिमीटर, वाढलेला असला की मेण त्याला धरतं. फार वाढलेले असतील तर कात्रीने कापून जावं. पाळीच्या आधीचे दिवस आणि पाळीचे दिवस टाळावेत, तेव्हा कातडी जास्त हुळहुळते. आंघोळ करून, सैल सुती कपड्यांत जावं. नेहमी चालत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉलची गोळी घ्यायला हरकत नाही.

काही जणींनी जाऊच नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा त्या बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्सबरोबर कातडीही सोलून निघू शकते. रेटिनॉलची क्रीम त्या जागी लावत असाल तर काही दिवस आधी थांबवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पोटुशी असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या उन्हात, घामात सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे जांघेतला नायटा. त्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली मिक्स मलमं महिनोन् महिने चोळली जातात. त्यांतल्या स्टेरॉइडने कातडी पातळ होते आणि नायटा दबून बसतो, बरा होत नाही. अशा कातडीवर मेण ओढणं म्हणजे जखमेला आमंत्रण. त्वचारोगतज्ज्ञ माढ्या-मोडनिंबात नसेल तर पंढरपूर किंवा सोलापूर गाठा, पण पार्लर त्यानंतर.

आता खोलीत. पडदा चालणार नाही, दाराला आतून कडी हवी. मोबाइल पिशवीत, तुमचाही आणि त्यांचाही. चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हे माहीत असलेलं बरं. कमरेखालचे कपडे काढावे लागतात, काही ठिकाणी कागदी चड्डी देतात. किती काढायचं ते कपडे काढण्याआधी ठरवा: फक्त चड्डीच्या कडेबाहेरचं, की मधली पट्टी ठेवून, की सगळं. सगळं म्हणजे ‘ब्राझिलियन’, मागच्या बाजूसकट. ही तऱ्हा जगभर पसरवण्याचं श्रेय न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली सलून उघडणाऱ्या सात ब्राझिलियन बहिणींना दिलं जातं. पहिल्या वेळी कडेपुरतंच थांबणं शहाणपणाचं.

पाठीवर झोपायचं, एक गुडघा वाकवून बाहेर टाकायचा. मागचं करायचं असेल तर कुशीवर वळायला सांगतात. लाज पहिली पाच मिनिटं वाटते. समोरच्या बाईसाठी हा दिवसातला एक कामाचा तुकडा असतो, तिचं लक्ष केसाच्या दिशेकडे असतं. ती पावडर लावते, मेण आधी स्वतःच्या मनगटावर बघते, केसाच्या दिशेने पसरते आणि कातडी ताणून उलट दिशेने झटक्यात ओढते. हाता-पायांवरचं मध-साखरेचं मेण आणि कापडी पट्टी इथे नको. इथे घट्ट होणारं मेण लागतं. पार्लरमध्ये त्याला कटोरी वॅक्स किंवा हार्ड वॅक्स म्हणतात. ते केसाला धरतं, कातडीला कमी, आणि पट्टीशिवाय निघतं. लहान लहान तुकड्यांत काढायला हवं. एकदम मोठा पट्टा ओढणारीला थांबवा.

दुखतं. ‘मुंगी चावल्यासारखं’ हे खोटं आहे. वर, जिथे केस दाट, तिथे सर्वांत जास्त. श्वास सोडताना ओढू द्या. अर्धा-पाऊण तासात काम होतं. लाली येणं, केसाच्या मुळाशी रक्ताचा टिपका दिसणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. कातडी निघणं, फोड येणं हे मात्र चालवून घेऊ नका. कधीही ‘बास’ म्हणता येतं, अर्ध्यावरसुद्धा.

माझा खरा आग्रह काडीचा आहे. मेणात बुडवलेली काडी अंगाला लागली की ती फेकायची, पुढच्या वेळी नवी. तीच काडी पुन्हा भांड्यात गेली, तर तुमच्या आधीच्या बाईचं जे काही असेल ते तुमच्या वाट्याला येऊ शकतं. मेण गरम असतं म्हणून जंतू मरतात, हे ऐकू नका. अंगाला सोसेल इतक्या गरमीने जंतू मरत नाहीत. हातमोजे नवे, खाली कागद नवा. काडी महाग नसते, मागितली म्हणून राग यायचं कारण नाही.

हे सगळं गिऱ्हाइकानेच का बघायचं? कारण दुसरं कोणी बघत नाही. महाराष्ट्रात मोजक्या कामगारांच्या छोट्या दुकानाने २०१७च्या कायद्याप्रमाणे नुसती माहिती कळवली की झालं. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण तो केल्याशिवाय मेण तापवू नये असं बंधन नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सौंदर्य व्यवसायाचं सरकारी मंडळ आहे. दोघींना इजा झाल्यावर २००९ साली त्याने या वॅक्सवर बंदीचा घाट घातला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. बंदी नको, ते बरोबरच झालं. पण इजेची नोंद घेणारं कोणी तरी तिथे होतं. घरच्या घरी करू म्हणणाऱ्यांसाठी तिथलाच एक आकडा: २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत हे केस काढणाऱ्या-कापणाऱ्या स्त्री-पुरुषांपैकी २५.६ टक्क्यांनी कधी ना कधी इजा झाल्याचं सांगितलं. सर्वाधिक इजा कापल्याच्या होत्या.

घरी आल्यावर दोन दिवस कडक पाण्याची आंघोळ, पोहणं, घट्ट नायलॉन आणि शरीरसंबंध टाळा. सुगंधी काही लावू नका. तीन-चार दिवसांनी ओल्या मऊ कापडाने हलकं चोळलं तर केस आत वळण्याचा धोका कमी होतो. आत वळलाच तर नखाने उकरू नका, केसतूड होतं. तीन ते सहा आठवड्यांत केस परत येतात.

लग्नाची तारीख ठरली असेल तर पहिली वेळ दीड-दोन महिने आधी घ्या, हळदीच्या आदल्या दिवशी नको. दुसरी लग्नाच्या चार-पाच दिवस आधी पुरे. पू, पसरणारी सूज किंवा ताप दिसला तर पार्लरला फोन करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.