बारावीला टक्के कमी पडले, आता पुढे काय? आधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की पुढचे आठ दिवस मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरतो, "कितने परसेंट आए?" ज्या घरात ८५ टक्के आले तिथे मिठाई वाटली जाते. ज्या घरात ४८ आले तिथे दार लोटून घेतलं जातं, आणि त्या लोटलेल्या दाराआड घाईघाईने निर्णय होतात. मुलगा असेल तर "आता शिकून काय करणार, चाचांच्या दुकानावर बस". मुलगी असेल तर "बारावी झाली ना, बस झालं", आणि स्थळं बघायला सुरुवात. तिसरा प्रकार त्याहून महागडा. कुणीतरी एजंट भेटतो, "सीट पक्की करून देतो" म्हणतो आणि अम्मीचे दागिने मोडून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले जातात.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हे आठ दिवस निर्णयाचे नाहीत, माहिती घेण्याचे आहेत. कमी गुणांमुळे काही दारं खरंच बंद होतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या समाजातल्या मुलांसाठी त्याहून जास्त दारं बंद होतात ती चुकलेल्या तारखांमुळे आणि नसलेल्या कागदांमुळे. कुठलं दार कशामुळे बंद झालंय, हे आधी ओळखायला हवं.

टक्के नेमके कुठे मोजले जातात?

पहिली गोष्ट, मार्कशीटवरचे एकूण टक्के आणि प्रवेशासाठी धरले जाणारे टक्के एकच नसतात.

आपल्या राज्यात इंजिनिअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. (सीईटी नसेल तर जेईई मेनच्या गुणांवरही काही जागा मिळतात.) बारावीचे गुण तिथे फक्त पात्रतेसाठी बघतात. फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा एक विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, तर राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. तेवढे झाले की पुढची यादी सीईटीवर लागते. म्हणजे बारावीला ५५ टक्के आणि सीईटीला उत्तम पर्सेंटाइल असलेला मुलगा पुण्याच्या सीओईपीचा किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयचाही दावेदार असतो. याउलट नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत जेईईचा रँक चांगला असूनही बारावीला ७५ टक्के नसतील (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) आणि मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्येही नाव नसेल, तर जागा हातची जाते.

आता एक हिशेब बघा. एका मुलाला फिजिक्समध्ये ३८, केमिस्ट्रीत ४१ आणि मॅथ्समध्ये ४९ आहेत. उर्दू, इंग्रजी आणि इतर विषयांनी हात दिल्यामुळे एकूण टक्के ६० च्या घरात गेलेत. घरचे खूश. पण तीन विषयांची बेरीज १२८, म्हणजे ४२.६७ टक्के. खुल्या गटातून तो अपात्र, आणि तेही अवघ्या सात गुणांनी. त्याच्याकडे ओबीसीचे कागद तयार असते तर हाच मुलगा पात्र ठरला असता. दुसरी एक वाटही आहे. केमिस्ट्रीच्या जागी बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी यांसारखा ठरवून दिलेला विषय धरता येतो. त्यात चांगले गुण असतील तर पात्रता तिथूनही निघते. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ही विषयांची यादी छापलेली असते, पण ती उघडून बघायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

मेडिकलची यादी नीटवर लागते, पण तिथेही फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत खुल्या गटाला ५० आणि ओबीसी, एससी, एसटीला ४० टक्के लागतात. पाच वर्षांच्या लॉ कोर्सला सीईटीबरोबर बारावीला एकूण ४५ टक्के हवेत, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४०. बीए, बीकॉम, बीएस्सीला मात्र बहुतेक कॉलेजांत आजही बारावीच्या गुणांवरच यादी लागते. खरा फटका बसतो तो इथे. नावाजलेलं कॉलेज हुकतं, पण पदवी हुकत नाही. त्याच विद्यापीठाची तीच पदवी शेजारच्या साध्या कॉलेजातूनही मिळते.

गुण बदलू शकतात का?

बदलू शकतात, पण मुदतीत हालचाल केली तरच. निकालानंतर मंडळ गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज मागवतं. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. पेपर पुन्हा तपासून हवा असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. ती हातात आल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायचा असतो. छायाप्रत आली की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. दोन-चार गुणांसाठी आंधळेपणाने पैसे भरू नका. पण वरच्या उदाहरणासारखा सात गुणांचा प्रश्न असेल तर जरूर बघा.

एखाद्या विषयात नापास असाल तर उन्हाळ्यानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते. आता तिचा निकालही वेळेत लागतो, त्यामुळे वर्ष वाया गेलंच असं समजू नका. पारंपरिक शाखांत तोवर बऱ्याच जागा शिल्लक असतात. आणि सगळ्या विषयांत पास होऊनही टक्के कमी वाटत असतील तर मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. पुढच्या ठरावीक परीक्षांना पुन्हा बसून गुण वाढवता येतात. ७५ किंवा ४५ ची अट थोडक्यात हुकलेल्यांनी हिचा विचार नक्की करावा.

निकालाआधीच बंद होणारी दारं

अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटी आणि दिल्लीची जामिया मिलिया इस्लामिया ही नावं आपल्या घराघरात आहेत. १९२० पासून या संस्थांनी किती पिढ्या घडवल्या ते सांगायला नको. पण तिथे प्रवेश परीक्षेतून होतो. काही कोर्सेसना त्यांची स्वतःची परीक्षा, काहींना सीयूईटी. या परीक्षांचे फॉर्म बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच भरून संपतात. "रिझल्ट आने दो, फिर देखेंगे" म्हणणाऱ्यासाठी ही दारं त्या वर्षापुरती बंद झालेली असतात, मग टक्के ९० असोत की ५०. खंत याची वाटते की केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीत बारावीचे गुण बहुतेक ठिकाणी पात्रतेपुरतेच असतात. म्हणजे बारावीत मागे पडलेल्या मुलासाठी हीच तर दुसरी संधी असते.

राज्यातही तेच. २०२४-२५ पासून एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीबीए, बीसीए, बीएमएस कोर्सेसनाही सीईटी लागली. पहिल्या वर्षी कितीतरी मुलांना हे कळलंच नाही. प्रतिसाद इतका कमी आला की सीईटी पुन्हा घ्यावी लागली. ज्यांच्या घरात अकरावीला मूल आहे त्यांनी हे आत्ताच डायरीत लिहून ठेवा.

कागद: इथे आपण सगळ्यात जास्त हरतो

२०१४ साली राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण दिलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ते शिक्षणापुरतं चालू ठेवण्याची मुभा दिली, पण पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. म्हणून आज "मुस्लिम" या नावाने आरक्षण नाही. पण अनेकांना एवढंच ठाऊक असतं आणि गाडी इथेच थांबते.

खरं तर बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अडचण दाखल्याची आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग जुन्या नोंदी शोधा, वडिलांकडच्या नातेवाइकांत कुणाचं वैधता प्रमाणपत्र झालंय का बघा, तहसीलला चकरा मारा. हे काम महिन्यांचं आहे. निकाल लागल्यावर ते सुरू केलं तर प्रवेशाच्या फेऱ्या संपून जातात. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि व्यावसायिक कोर्ससाठी जात पडताळणी, ही तिन्ही कामं अकरावीतच हाती घ्यायला हवीत.

ज्यांची बिरादरी कुठल्याच यादीत नाही आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढता येतं. शेतजमीन-घराच्या काही अटी आहेत, त्या तपासून घ्या. त्याने १० टक्के राखीव जागांत नाव येतं. हे आरक्षण धर्म बघून मिळत नाही, तरी आपले लोक अर्जच करत नाहीत.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांचंही तसंच. भायखळ्याचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं काळसेकर, पुण्याचा आझम कॅम्पस, नागपूरचं अंजुमन, मालेगावचा मौलाना मुख्तार अहमद नदवी कॅम्पस, अशा ठिकाणी जवळपास निम्म्या जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्यांची यादी वेगळी लागते. तिथे कटऑफ बऱ्याचदा खाली येतो. पण ऑनलाइन अर्जात अल्पसंख्याक म्हणून नोंदच केली नसेल तर त्या यादीत नाव येणार तरी कसं?

मुलींच्या घरच्यांनी हे नक्की वाचा

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेऱ्यांमधून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. निकालाच्या धक्क्यात एजंटच्या नादी लागून मॅनेजमेंट सीट घेतली तर देणगी जाते ती जातेच, वर चार वर्षांची फीमाफीही जाते. तीच मुलगी थोडं थांबून कॅपच्या तिसऱ्या फेरीत जरा साध्या कॉलेजात गेली असती तर शिक्षण फी लागलीच नसती. "फी परवडत नाही म्हणून थांबवलं" हे कारण आता पूर्वीसारखं पटण्यासारखं राहिलेलं नाही.

ज्या वाटांवर टक्के कुणी विचारत नाही

सीए फाउंडेशनला बसायला बारावी पास असणं पुरतं, टक्क्यांची अट नाही. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. या वाटेत तर सीईटीही लागत नाही. डी.फार्म करून बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे. कमवत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी १९९८ साली हैदराबादला सुरू झालेली मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी आहे, तिचे दूरस्थ कोर्सेसही आहेत. फक्त कुठेही पैसे भरण्याआधी विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे तपासा.

आणि यूपीएससी किंवा एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, बारावीचे टक्के तिथे पात्रतेत धरले जात नाहीत. ४८ टक्केवाला मुलगा तीन वर्षांत मन लावून पदवी घेऊन आला, तर तो ८५ टक्केवाल्याच्या शेजारी त्याच बाकावर बसतो.

घरात काय बोलायचं?

निकालाच्या दिवशी खालाच्या मुलाशी तुलना नको. मूल गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, "मेरे से नहीं होगा" असं सारखं म्हणत असेल तर ते नाटक समजू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि मराठी, हिंदी, उर्दूत बोलता येतं. फोन करण्यात कमीपणा नाही.

एक काम समाज म्हणून करण्यासारखं आहे. आपल्या मशिदींत आणि जमातखान्यांत रमजानमध्ये इफ्तारची आणि जकातीची चोख व्यवस्था होते. तशीच दरवर्षी दिवाळीनंतर एक रविवार अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ठेवता येईल. कॉलेजात शिकणारी दोन-तीन मुलं-मुली, लॅपटॉप, कागदांची एक यादी आणि सगळ्या सीईटींच्या तारखा भिंतीवर. खर्च चहाचा. त्यात एका मुलाचा जातीचा दाखला वेळेत निघाला तरी वरच्या हिशेबातले सात गुण भरून निघाले म्हणायचे.

गुण मुलाने मिळवायचे असतात. तारीख लक्षात ठेवणं आणि कागद जमवणं हे काम आपलं, मोठ्यांचं आहे. पुढच्या निकालाला अजून वेळ आहे, तोवर घरातली जुनी पेटी उघडून आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला हरकत नाही.