न बोलता करून दिलेली ओळख

वर्गात नवी मुलगी आली, की पहिल्या तासाला आपण तिचे नाव आणि आधीची शाळा विचारतो, हजेरीपटात नोंद करतो. तिची खरी ओळख होते ती मधल्या सुट्टीत. डबा ती कोणाबरोबर खाते, मैदानाकडे बघत किती वेळ उभी राहते, घंटा झाल्यावर पळत येते की रेंगाळत, यावरून. यातले काही आपल्याला कोणी सांगत नाही. आपण पाहतो, ऐकतो आणि मनाशी काहीतरी ठरवतो.

चित्रपटाच्या दिग्दर्शकाला आपल्याकडून हेच करून घ्यायचे असते. कादंबरीकार 'ती एकटी होती' असे तीन शब्दांत लिहून मोकळा होतो. कॅमेऱ्याला 'एकटी' हा शब्द टिपता येत नाही. त्याला माणूस टिपता येतो, भिंती, खिडक्या, उजेड टिपता येतो. मग एकटेपणा दाखवायचा कसा? याचे एक फार सुंदर उत्तर सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (१९६४) या बंगाली चित्रपटाच्या पहिल्या सात-एक मिनिटांत आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'नष्टनीड' या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. काळ आहे १८७९ च्या सुमाराचा, आणि जागा कलकत्त्यातले एक श्रीमंत घर.

श्रेयनामावली चालू असताना आपल्याला दोन हात दिसतात. ते रुमालावर 'बी' हे इंग्रजी अक्षर भरत असतात. हे अक्षर भूपतीचे, म्हणजे चारूच्या नवऱ्याचे, हे आपल्याला नंतर कळते. चारू नोकराला हाक मारून साहेबांच्या चहाचे सांगते. या सबंध प्रसंगातले बोलणे जवळजवळ एवढेच. मग ती भरतकाम ठेवते, एक पुस्तक उचलते, तेही ठेवते, दिवाणखान्यात जाऊन कपाटातून दुसरे पुस्तक काढते. एवढ्यात रस्त्यावरून माकडवाल्याच्या डुगडुगीचा आवाज येतो. ती लगबगीने आत जाते आणि दांडी असलेली एक छोटी दुर्बीण घेऊन येते, नाटकगृहात वापरत तशी. खिडकीच्या झडपांच्या फटींतून ती माकडवाल्याला पाहते, पालखीच्या भोयांना पाहते. छत्री घेतलेला एक जाडा गृहस्थ रस्त्याने चाललेला असतो. तो पुढे सरकेल तशी तीही एका खिडकीवरून दुसरीकडे, तिसरीकडे पळते.

थोड्या वेळाने बुटांचा आवाज येतो. भूपती घरात येतो, एक पुस्तक घेतो आणि पाने चाळत चाळत चारूच्या अगदी जवळून निघून जातो. ती तिथे आहे हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आणि मग चारू काय करते? हातातली तीच दुर्बीण डोळ्यांना लावून ती पाठमोऱ्या नवऱ्याला पाहते. तो दिसेनासा होतो, तिचा हात खाली येतो, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यातले चित्र झपकन मागे सरते. प्रसंग संपला.

यातल्या दुर्बिणीचा थोडा विचार करू. पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग, अशी ही गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण. त्यामुळे चित्र उलटे न होता सुलटच दिसते. अशा दुर्बिणी साधारणपणे दोन-तीन पट मोठे दाखवतात. तीन पट धरली, तर पंधरा मीटरवरचा माणूस पाच मीटरवर असल्यासारखा भासतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला जवळ आणायला ही सोय ठीक. पण हात लांब केला असता तर लागला असता, अशा नवऱ्याला पाहायलाही तीच दुर्बीण लागावी! राय यांनी एकही वाक्य न लिहिता हे सांगितले आहे.

शेवटचे ते मागे सरणेही नीट पाहण्यासारखे आहे. चित्र दोन रीतींनी मागे सारता येते. एक, कॅमेरा गाडीवर ठेवून खरोखरच मागे न्यायचा. दुसरी, कॅमेरा जागीच ठेवून झूम भिंगाचे नाभीय अंतर कमी करायचे, म्हणजे दृश्याचा कोन रुंदावतो. दोन्हींत माणूस लहान होतो, पण परिणाम एकच नसतो. बाकावर, आपल्यापासून एक मीटरवर, पाण्याची बाटली ठेवा. मागे पाच मीटरवर भिंतीवरचा नकाशा असू द्या. आता एक मीटर मागे या. बाटलीचे अंतर दुप्पट झाले, म्हणून ती निम्मी दिसेल. नकाशाचे अंतर पाचाचे सहा मीटर झाले, तो जेमतेम सहाव्या हिश्शाने लहान होईल. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचे परस्परांशी प्रमाण बदलले. आता पुन्हा पहिल्या जागी उभे राहा. पोस्टकार्डाला मधोमध चौकोनी खिडकी कापून ते हात लांब करून धरा आणि हळूहळू डोळ्याजवळ आणा. चौकटीत मावणारा भाग वाढत जाईल, पण बाटली आणि नकाशा यांचे प्रमाण तसेच राहील. झूममध्ये होते ते हे.

'चारुलता'त राय यांनी झूमच वापरला आहे. आपण तिच्यापासून दूर गेलेलो नसतो. आपण तिथेच असतो, फक्त तिच्या भोवतीचे घर चौकटीत शिरते आणि त्यात ती एवढीशी होते. निदान मला तरी ते तसे वाटते. झूम ही हौसेने आणि पुष्कळदा विनाकारण वापरली जाणारी युक्ती आहे. इथे मात्र ती एकदाच, अचूक जागी येते.

शिक्षकांच्या एका गटात हा भाग पाहून आम्ही फळ्यावर दोन रकाने केले होते: 'काय दिसले-ऐकू आले' आणि 'काय वाटले'. दुसऱ्या रकान्यात कंटाळा, एकटेपणा, हौशी स्वभाव असे बरेच काही आले. एकाने लिहिले, 'नवरा दुष्ट आहे.' पहिल्या रकान्यात याला आधार शोधू लागलो तर सापडेना. दिसले होते ते एवढेच, की वाचनात गढलेला माणूस बायकोशेजारून गेला. पुढे चित्रपटात भूपती सज्जन आणि प्रेमळच निघतो, फक्त आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांना आपण रागावतो. आम्ही तेच केले होते.

डोळ्यांसमोर दोन चित्रे एकामागून एक आली, की मन त्यांत नाते जोडतेच. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या आसपास इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सुपाची बशी, शवपेटी, एक स्त्री. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली, असे सांगतात. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. १९९२ साली अमेरिकेत हा प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा सांगितला जातो तेवढा ठळक परिणाम आढळला नाही. नंतरच्या काही प्रयोगांत तो आढळला. तेव्हा वर्गात ही गोष्ट सांगताना जरा हात राखूनच सांगावी. पण चारू पाहते, मग माकडवाला दिसतो, मग पुन्हा चारू, हे पाहताना 'ती माकडवाल्याला पाहते आहे' असे कोणी न सांगताच आपण मानतो. संकलनाचा सगळा संसार या मानण्यावर चालतो.

ध्वनीची गोष्ट आणखी निराळी. डोळ्याला समोरचेच दिसते, कानाला सगळीकडचे ऐकू येते. त्यामुळे चौकटीबाहेरचे जग चौकटीत आणायचे ते आवाजाने. जर्मनीत १९३१ साली आलेल्या फ्रित्स लांग यांच्या 'एम' या बोलपटात लहान मुलांचा खुनी आपल्याला प्रथम भेटतो तो जाहिरातीवर पडलेल्या सावलीच्या रूपात. पाठोपाठ त्याची शीळ ऐकू येते. पुढे त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा माणूस, त्या शिळेवरूनच.

आपल्याकडचे उदाहरण प्रभातच्या 'संत तुकाराम'चे (१९३६). दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाच्या सुरुवातीला विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम तल्लीन होऊन गाताना दिसतात. मग तोच अभंग सालोमालोच्या तोंडी येतो, नाटकी थाटात, आपलाच म्हणून. शब्द तेच, आवाज आणि गाण्याची तऱ्हा बदलली, की एक भक्त आणि एक चोर आपल्यापुढे उभे राहतात. दोघांची ओळख करून द्यायला निवेदक लागत नाही.

मुलांबरोबर 'चारुलता'चा हा भाग पाहाल, तेव्हा तो तीनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून आणि शेवटी नेहमीसारखा. डोळे मिटून ऐकताना कोणकोणते आवाज आले ते मुलांना लिहायला सांगा. डुगडुगी, भोयांचा हुंकार, बूट अशी यादी होईल. यातले चारूने स्वतः केलेले आवाज किती, ते त्यांना मोजू द्या.