मेकेल्लेचं पाणी तोडणारी सम्राज्ञी

जानेवारी १८९६. इथिओपियातल्या मेकेल्लेच्या किल्ल्यात इटालियन शिबंदी ठाण मांडून बसली होती. हल्ल्यांना किल्ला दाद देईना, तेव्हा सम्राज्ञी ताइतू बेतुलच्या सल्ल्यानं बाहेरचे पाण्याचे झरे ताब्यात घेतले गेले. तहानेनं व्याकूळ शिबंदीला अखेर किल्ला सोडावा लागला. १ मार्चला अडव्याच्या लढाईतही ताइतू स्वतःचं सैन्य घेऊन उभी होती. इटलीचा धुव्वा उडाला.

तिला नुसती ‘सम्राट मेनेलिकची राणी’ म्हणणं अन्यायाचंच. राजधानी अदिस अबाबा वसली तीही तिच्या आग्रहानं, उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशी.

पुढे मेनेलिक पक्षाघातानं अंथरुणाला खिळला आणि कारभार तिच्या हाती आला. नेमणुका, बडतर्फ्या तीच करू लागली. सरदारांना हे कसं रुचणार? १९१० मध्ये त्यांनी एकजूट करून तिला सत्तेवरून दूर केलं.