गोल्फचा हँडिकॅप : हिशेब कसा बदलला

हँडिकॅप म्हणजे कच्च्या-पक्क्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून दिलेली फटक्यांची सूट. आकडा जितका लहान, तितका खेळाडू तरबेज.

२०२० पूर्वी : जगात सहा वेगवेगळ्या पद्धती. अमेरिकी पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या उत्तम १० फेऱ्यांची सरासरी, तिला ०.९६ ने गुणायचे.

२०२० पासून : एकच जागतिक पद्धत.
• शेवटच्या २० पैकी उत्तम ८ फेऱ्यांची सरासरी म्हणजे खेळाडूचा इंडेक्स; ०.९६ चा गुणक गेला.
• कमाल इंडेक्स ५४.०, स्त्री-पुरुष दोघांनाही. अमेरिकी पद्धतीत तो पुरुषांना ३६.४, स्त्रियांना ४०.४ होता.
• पहिला इंडेक्स मिळवायला ५४ होलचे गुण पुरतात.
• वर्षभरातल्या नीचांकापेक्षा ३ हून जास्त वाढ झाली, तर वरची वाढ निम्मीच धरतात. ५ च्या पुढे वाढच नाही. (मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवणाऱ्यांना हा चाप.)

मैदानाचा भाग : कोर्स रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला अपेक्षित फटके. स्लोप रेटिंग म्हणजे निष्णाताच्या मानाने सामान्य खेळाडूला मैदान किती जड जाते. ५५ ते १५५, प्रमाण ११३. म्हणून पुण्यातला इंडेक्स चेंबूरच्या मैदानावरही चालतो, फक्त सुटीचे फटके बदलतात.

उदाहरण : ९५ फटके, कोर्स रेटिंग ७१, स्लोप १२०. (९५ − ७१) × ११३ ÷ १२० = २२.६. हा त्या फेरीचा फरक; वरची सरासरी अशा फरकांचीच.

२०२४ ची दुरुस्ती : नऊ होलच्या फेरीचा फरक लगेच काढतात, दुसऱ्या नऊची वाट पाहावी लागत नाही. लहान, पार-३ मैदानेही हिशेबात.