चांदीपुराचा विषाणू आणि घडी चुकलेलं प्रथिन

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. विषाणूंवर मी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण एका विषाणूला आपल्या महाराष्ट्रातलं नाव आहे आणि त्या नावापाशीच मी अडलो. नागपूरचं चांदीपुरा. १९६५ साली त्या भागात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू सापडला. गावाचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. नव्या आजारांना गावांची नावं देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं. चांदीपुराला त्याचा काय उपयोग!

पुढं कितीतरी वर्षं या विषाणूकडं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही साथ आली. २०२४ साली गुजरातेत तो पुन्हा आला. ताप, झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत सारं संपतं.

हा मारेकरी बनलाय कशाचा? ज्या मालानं आपण बनलो, त्याच मालाचा. प्रथिनं, थोडी चरबी, साखरेचे अंश आणि आरएनएचा एक धागा. माणसाच्या पेशीतला मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा, याचा जेमतेम अकरा हजार अक्षरांचा. त्यातून प्रथिनं तयार होतात फक्त पाच. आकार बंदुकीच्या गोळीसारखा. रेबीजचा विषाणू याचा भाऊबंद. अंगावरची चरबीची शाल मात्र स्वतःची नाही, ज्या पेशीतून बाहेर पडतो तिचीच पांघरून येतो.

गंमत अशी, की याचा मजकूर उलटा असतो, जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांसारखा. पेशीला तो सरळ वाचता येत नाही. म्हणून हे पाहुणे आपला छापणारा, म्हणजे नक्कल करणारं प्रथिन, सोबतच घेऊन येतात. नकला भराभर निघतात आणि त्यात चुका होतात. उर्दूत ‘दुआ’वर एक नुक्ता पडला की ‘दगा’ होतो. इथं बहुतेक चुका वाया जातात, एखादी विषाणूच्या पथ्यावर पडते.

प्रायॉनची गोष्ट याहून चमत्कारिक. तिथं अक्षरंच नाहीत! ना आरएनए, ना डीएनए. आपल्या मेंदूतल्या पेशींवर एक प्रथिन जन्मापासून असतं. त्याचीच घडी चुकते. कापड तेच, पण नीट बांधलं तर फेटा आणि पिळलं तर फास. आणि हे पिळलेलं प्रथिन शेजारच्या सरळ प्रथिनालाही पिळतं. हळूहळू मेंदूची चाळण होते. नुसतं प्रथिन आजार पसरवतं, हे अमेरिकेच्या स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली मांडलं तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं.

इंग्लंडात गाईंना मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा चारला गेला. कडबा खाणाऱ्या जनावराला ही वैरण! १९८६ साली तिथं गाईंचा वेडाचा आजार ओळखला गेला. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक जनावरांना तो झाला आणि १९९६ साली तो माणसांतही आल्याचं उघड झालं.

विषाणू परका असतो; शरीर त्याला ओळखतं, ताप आणून झगडतं. त्याची अक्षरं प्रयोगशाळेत पकडता येतात, चरबीची शाल साबणानं विरघळते. प्रायॉन घरचाच. त्याच्याशी शरीर भांडतच नाही, आणि साध्या उकळण्यानं तो मरतही नाही. त्याच्यावर इलाज नाही.

चांदीपुरावरही अजून खास औषध नाही की लस नाही, पण त्याची वाट अडवता येते. तो येतो वाळूमाशीतून, म्हणजे सॅन्डफ्लायमधून. ही डासाहून लहान, आवाज न करणारी माशी. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत ती राहते. आपल्या मराठवाड्यात धाब्याची घरं अजून आहेत. भेगा लिंपाव्यात, उकिरडा घरापासून लांब ठेवावा, मुलांना बारीक विणीच्या मच्छरदाणीत निजवावं. आणि तापात लेकराला झटका आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.