दिवा मंदावला, की मधात भुसा आला?

आमच्या पुसेगावला सोयाबीनची मळणी रात्री उशिरापर्यंत चालायची. लहानपणी एकदा मळणीयंत्रापलीकडचा बल्ब एकदम मंद झाला. व्होल्टेज गेलं समजून मी वायर बघायला पळालो. अण्णा हसले, "बल्ब चांगलाय रे, मधात भुसा उडालाय."

आज कोडमधला बग शोधताना माझा पहिला प्रश्न तोच असतो : बिघाड मुळात आहे की वाटेत? आणि 'व्हेला एक्स-१' बघताना खगोलशास्त्रज्ञांनाही हेच विचारावं लागतं.

ही ताऱ्यांची जोडी आहे. एक निळा महाकाय तारा, सूर्याच्या वीसपटीच्या आसपास जड. दुसरा न्यूट्रॉन तारा, जेमतेम एका शहराएवढा. साधारण ९ दिवसांत तो मोठ्याभोवती फेरी मारतो. मोठ्या ताऱ्याच्या प्रखर प्रकाशाचा रेटाच असा, की त्याचा वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर उधळतो. हा तारकीय वारा. सूर्य वाऱ्यातून जेवढा वायू गमावतो, त्याच्या कोट्यवधी पट हा तारा गमावतो.

त्यातला थोडा वायू न्यूट्रॉन तारा ओढून घेतो. पडता पडता तो वायू भयंकर तापतो आणि क्ष-किरण निघतात. म्हणजे वारा हे या दिव्याचं तेल. पण तोच पडदाही! कारण वारा एकसारखा नाही, त्यात गुठळ्या आहेत. गुठळी न्यूट्रॉन ताऱ्यावर पडली तर दिवा भडकतो. आपल्या मधात आली तर झाकोळतो.

मग ओळखायचं कसं? कमी ऊर्जेचे क्ष-किरण वायू सहज शोषतो, जास्त ऊर्जेचे बरेचसे आरपार जातात. फक्त कमी ऊर्जेचे घटले, तर मधात पडदा. दोन्ही सोबत घटले, तर बहुधा तेलच कमी पडलं. मोठा तारा आडवा आला तरी दोन्ही घटतात, पण ते ग्रहण दर फेरीत ठरल्या वेळी येतं, म्हणून वेगळं काढता येतं.

आपलं वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून मोजायला वर अवकाशात जावं लागतं. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट सोडला. त्यावरच्या दोन दुर्बिणींच्या बांधणीत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा. एसएक्सटी साधारण ०.३ ते ८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण टिपते, लॅक्सपीसी ३ ते ८० चे. दोन्ही एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे बघतात, म्हणूनच बल्ब आणि भुसा यांतला फरक कळतो.

हा डेटा इस्रोने खुला ठेवलाय. तो डाउनलोड करून कसा बघायचा, ते पुढच्या भागात. तोवर, वायर तपासायला पळू नका!